काकी एकदाच विचारतात. ते आमंत्रण खरं समजायचं का?

पैनगंगाकाठची

नमस्कार. मी उमरखेड तालुक्यातली, जिल्हा यवतमाळ. बारावी झाल्यावर बीएस्सीला मुंबईत प्रवेश मिळाला. कॉलेज माटुंग्याला, राहायला भांडुप पश्चिमेला. बाबांच्या ओळखीतून एका काका-काकींचं घर मिळालं. दोघं कुडाळकडचे. काका बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांच्या मुलीचं लग्न झालंय, तिची खोली मला दिली आहे. सकाळचा डबा आणि रात्रीचं जेवण काकींकडेच.

माझा प्रश्न गणपतीचा आहे आणि उत्तर याच आठवड्यात हवंय, कारण रेल्वेचं बुकिंग उघडून राहिलंय. पण नुसता प्रश्न लिहिला तर कोणाला नीट कळणार नाही, म्हणून आधी थोडं सांगते.

आमच्याकडे जेवणाच्या वेळेला कोणी दारात आलं की आई म्हणते, बसा, दोन घास खाऊन जा. आलेला माणूस म्हणतो, नाही, आत्ताच जेवून निघालो. आई परत म्हणते. तो परत नाही म्हणतो. मग आजी आतून हाक मारते, अरे ताट वाढलंय. तेव्हा तो हात धुवायला उठतो. पहिल्या शब्दाला ताटावर बसणं बरं दिसत नाही, आणि एकदाच विचारून गप्प बसणं तर त्याहून वाईट. घरी माणूस आलेला यजमानाला नको होता, असाच त्याचा अर्थ होतो.

इथे सगळं एकदाच विचारतात. काकी सकाळी म्हणतात, "पोहे घेतलंस गो?" मी नको म्हटलं की कढईवर झाकण. राग नाही, तोंड वाकडं नाही, दुसऱ्या मिनिटाला माझ्या डब्यात पोळ्या भरून राहिल्या असतात. कॉलेजातही तेच. मधल्या सुट्टीत डबे उघडले की मुली विचारतात, खाणार? नको म्हटलं की विषय संपला. चौघी मिळून खातात, मी माझा डबा खाते. कोणी माझ्याशी वाईट वागत नाही, उलट नोट्स देतात, थांबतात माझ्यासाठी.

लोकलचं तर अजून वेगळं. आमच्या एसटीत शेजारी बसलेली बाई आधी विचारते कोणत्या गावची, मग कोणाची, मग आडनाव, आणि हदगाव येईपर्यंत तिची नि माझी कुठूनतरी सोयरिक निघते. इथे अनोळखी बाई एवढंच विचारते, कुठे उतरणार? मी सांगितलं माटुंगा, तर मागे वळून तिसऱ्याच बाईला म्हणाली, माटुंगा. ती बाई माझ्या समोर येऊन उभी राहिली. नाव कोणी विचारलं नाही. पण त्याच बाईने दुसऱ्या दिवशी मी उभी असताना माझी जड बॅग न बोलता मांडीवर घेतली.

आता मुद्द्याचं. परवा काकी भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "गणपतीक गावाक येतलंस?" त्या दोघांचं दरवर्षी कुडाळला जाणं असतं, दिरांचं मोठं घर आहे तिथे. मी म्हटलं बघते. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा विचारलंही नाही. फक्त संध्याकाळी काकांनी माझं आधार कार्ड मागून घेतलं आणि वय विचारून कागदावर लिहिलं.

आणखी दोन गोष्टी आहेत. आमचं घर माळकरी. आजोबांनी वारी कधी चुकवली नाही, घरात अंडंसुद्धा येत नाही. काकी मला वेगळ्या भांड्यात करून देतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सध्या सुका बोंबील आणि जवळा भाजला की मला खोलीत बसवत नाही. गावी जाऊन त्यांच्या सगळ्या नातेवाइकांत माझं कसं होईल?

दुसरी गोष्ट आईची. गणपतीतच आमच्या महालक्ष्म्या असतात. तीन दिवस घर भरलेलं असतं, आंबील, सोळा भाज्या, पुरणपोळ्या. त्या उभ्या करायच्या आखाड्या मी बांधते, मुखवटे आत्या बसवते. आई फोनवर स्पष्ट काही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "महालक्ष्म्यांना कसं करशील मग?"

मला दोन गोष्टी सांगा. काकींचं बोलावणं मनापासून आहे की म्हणायचं म्हणून म्हटलं? आणि दोन्हीकडे कोणाचं मन न दुखवता मी काय करावं? मुंबईत नव्याने आलेल्या माणसाने आपलं किती सोडायचं असतं, हे मला खरंच समजून घ्यायचंय.


जुनी परभणीकर

बाळा, मी परभणीहून नर्सिंगच्या ट्रेनिंगला परळला आले तेव्हा तुझ्याच वयाची होते. आता बदलापूरला राहते, अजूनही लोकलनेच ड्युटीला जाते. तू लिहिलेलं वाचून मी आज आधी तुलाच उत्तर लिहायला बसले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काकांनी देऊन टाकलंय. आधार आणि वय कागदावर लिहून घेतलं ना? मग आमंत्रण शंभर टक्के खरं आहे. गणपतीतलं कोकण रेल्वेचं तिकीट मिळवणं काय असतं हे तुला अजून माहीत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सकाळी ८ वाजता जो तो त्याच्यावर तुटून पडतो. पाच मिनिटांत वेटिंग लागतं. अशा तिकिटाच्या यादीत जो माणूस तुझं नाव घालतो, त्याने तुला घरचं धरलंय. दुसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून शंका घेऊ नकोस.

आता एकदाच का विचारतात ते सांगते, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी बरेच दिवस मनात कुढत होते. मुंबईतलं स्वयंपाकघर घड्याळावर चालतं. भांडुपला शहराचं पाणी शुद्ध करणारं एवढं मोठं संकुल आहे, पण तुमच्या नळाला पाणी ठराविक वेळेलाच येत असणार. तेवढ्यात पाणी भरायचं, भांडी, कपडे, डबे, आणि घरातल्या माणसाची ठरलेली लोकल. काकी सकाळी "रात्री जेवायला आहेस?" असंही विचारत असतील बघ. तू जे उत्तर देतेस त्यावर कुकरमध्ये किती वाट्या तांदूळ पडणार ते ठरतं. त्यांना तुझं खरं उत्तर हवं असतं. तू नको म्हटलंस तर त्या तुझ्या शब्दाचा मान ठेवतात, दोनदा विचारून तुला खोटं पाडत नाहीत. आपल्याकडे आग्रहात माया असते. इथे विश्वास ठेवण्यात असते. दोन्ही खरी माया आहे. मला दोन्हींची सवय आहे आता, परभणीला गेले की तीनदा नको म्हणते आणि बदलापूरला पहिल्या वेळीच ताट पुढे करते.

म्हणून पोहे हवे असतील तर पहिल्याच वेळी हो म्हण. त्याला इथे कोणी हावरट म्हणत नाही. डब्याचंही तसंच. नको म्हणण्याऐवजी आपला डबा त्यांच्या डब्याशेजारी नेऊन ठेव. तिळाची चटणी, कारळाची चटणी आईकडून मागव, मुंबईच्या मुली त्यावर तुटून पडतात हे मी हॉस्टेलवर पाहिलंय.

लोकलचं समजून घे म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. तुला कुठे उतरणार म्हणून विचारलं ती चौकशी नव्हती, त्याने जागेची रांग लागते. सकाळी कल्याण-ठाण्याकडून येणारी गाडी भांडुपला भरूनच येते. आधीपासून उभ्या असलेल्या बाईचा हक्क पहिला. ती बसलेल्या प्रत्येकीला विचारत जाते आणि सगळ्यात आधी उतरणारीची जागा धरते. ही रांग कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडली तर अख्खा डबा बोलतो. तुला जागा हवी असेल तर तूही तसंच विचार. तिघींच्या बाकावर चौथीला सरकून जागा देतात, तीही हक्काची. उतरायच्या एक स्टेशन आधी उठून दाराच्या दिशेने सरकायचं, समोरचीला विचारायचं "माटुंगा?", ती उतरणार नसेल तर बाजूला होते. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची, हे तर पहिल्या दिवशीच. मोबाइलवर स्पीकर लावून बोलायचं नाही. रात्री उशीर झाला तर ज्या लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असेल त्यातच चढायचं, आणि १३९ हा रेल्वेचा मदतीचा नंबर पाठ ठेव.

नाव विचारत नाहीत म्हणतेस, ते विचारतील. रोज एकाच गाडीचा एकच डबा धर. नवरात्रात कोणीतरी तुला त्या दिवसाचा रंग सांगेल. दसऱ्याला डब्याला तोरण लावतात, प्रसाद वाटतात. संक्रांतीनंतर चालत्या गाडीत हळदीकुंकू होतं. माझ्या डब्यातल्या बायका माझ्या आईच्या आजारपणात हॉस्पिटलच्या खाली उभ्या होत्या, आणि त्यातल्या दोघींचं आडनाव मला तोवर माहीत नव्हतं.

माशांची काळजी करू नकोस. कोकणातही माळकरी घरं आहेत, तिथे माळ म्हटलं की कोणी वेगळं समजावून मागत नाही. सध्या सुक्याचा वास जास्त येतोय कारण १ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटींची मासेमारी बंद असते, ओली मासळी कमी आणि महाग. श्रावण लागला की बहुतेक मालवणी घरांत हे बंद होतं. तोवर काकींना सरळ विचार, कधी करणार ते सांगाल का, मी तेवढा वेळ खाली लायब्ररीत बसते. सरळ विचारलेलं त्यांना आवडेल.

राहिला दुसरा प्रश्न. माझं मत विचारशील तर यंदा घरी जा. पहिल्या वर्षी आईचं घर एकदम रिकामं होतं आणि ती ते बोलत नाही. "कसं करशील मग" हा आपल्याकडचा आग्रहच आहे, तू ओळखलंच असशील. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघालीस तर सकाळी नांदेड. त्याचंही बुकिंग ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा आजच ठरव. आणि काकींना तिकीट काढायच्या आधी सांग. एकदाच, स्पष्ट, कारण सांगून. "बघते" हा शब्द मात्र मुंबईत वापरू नकोस बाळा, समोरच्याचं सगळं गणित त्यावर अडकून पडतं.


मुगभाटातला

ताईंनी लोकलचं लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे.

मी गिरगावच्या चाळीत जन्मलो, साठी ओलांडली, अजून तिथेच आहे. मुंबई सगळी एकदाच विचारणारी नाही. आमच्या मजल्यावर दुपारी झोपेची वेळ सोडली तर दारं उघडीच असत. शेजारून वाटीत काही आलं तर ती वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा नियम माझ्या आईने मरेपर्यंत पाळला. गॅलरीत बसलेल्या म्हाताऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला आडनावच काय, पगारही विचारत. दारं बंद झाली ती ब्लॉक सिस्टिममध्ये, वॉचमनच्या वहीत नाव लिहायला लागल्यावर. तेव्हा पोरी, तू ज्याला मुंबईची रीत म्हणतेस त्यातलं बरंचसं इमारतीमुळे आलंय. भांडुपला डोंगराच्या बाजूला बैठ्या चाळी आहेत, तिथे एखाद्या मैत्रिणीकडे जाऊन बघ, तुला उमरखेड आठवेल.

गणपतीत तर ही दारं आपोआप उघडतात. एरवी फोन केल्याशिवाय कोणाकडे जायचं नाही, पण ज्याच्या घरी गणपती आहे त्याच्याकडे दर्शनाला जायला आमंत्रण लागत नाही. दुर्वा, फुलं, नारळ, पेढे, जे असेल ते घेऊन जायचं, आरती चालू असेल तर संपेपर्यंत थांबायचं. कॉलेजातल्या ज्या मैत्रिणींकडे गणपती येतो त्यांच्याकडे बिनधास्त जा. वर्षभराची ओळख एका आरतीत होते.

आता कुडाळचं. माझं आजोळ तिकडचं, म्हणून सांगतो, जमत असेल तर जा. शेतं हिरवीगार, गणपतीच्या डोक्यावर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, बांधतात, तिला रानातली फळं, कवंडाळं, सुपाऱ्या, नारळ, आंब्याचे टाळे. रात्री भजनाची मंडळी घरोघर फिरतात, पखवाजावर थाप पडली की म्हातारी माणसं उठून बसतात. त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. वर्षभर कुलूप असलेल्या घरात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. अशा घरात परक्या मुलीला घेऊन जायला काकींना नवऱ्याला, दिराला, जावेला सांगावं लागलं असेल. त्यांनी ते सगळं आधी करून मगच तुला विचारलंय, हे मला तुझ्या लिहिण्यावरून स्पष्ट दिसतंय.

जेवणाचं एक सांगायला हवं. गणपती घरात असताना जेवण सोवळ्याचंच असतं, पण गौरीपूजनाला काही घरांत तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे मटण किंवा मासे. सगळ्या घरांत नाही, घराण्यानुसार बदलतं. तुझ्या महालक्ष्म्यांना पुरण आणि त्यांच्या गौरीला तिखट, दोन्ही माहेरवाशिणीच. गेलीस तर आधी विचारून ठेव. त्या दिवशी तुला वेगळं पान मांडतील, त्यात त्यांना काही जड नाही.

आईकडे दिवाळीला जाशीलच की. गावच्या गणपतीचं बोलावणं मुंबईत राहून अनेकांना जन्मात येत नाही.


एसवाय_गोंदिया

मी गोंदियाचा, मागच्या वर्षी आलो. काका आणि ताई दोघांचंही पटतंय, म्हणून मी फक्त व्यवहाराचं सांगतो.

दोन्हीकडे जाता येईल का असं मनात आलं असेल तर नको. कुडाळहून उमरखेड म्हणजे परत मुंबई किंवा पुणे गाठून पुढे नांदेड, दीड-दोन दिवस प्रवासात जातात आणि त्या दिवसांत ऐन वेळी कुठलंच तिकीट मिळत नाही.

ठरवायच्या आधी कॉलेजचं वेळापत्रक बघ. गणपतीची सुट्टी कॉलेजागणिक कमीजास्त असते आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या मागेपुढे इंटर्नल परीक्षा असते. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरी लागते. आपल्याकडे सरांना तोंडी सांगितलं की चालतं, इथे अर्ज लिहून ऑफिसात देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घे.

सवलतीच्या रेल्वे पासचा फॉर्मही संपायच्या दिवशी नको, आधीच माग. सणाच्या आधी काउंटरवर रांग असते.

कुडाळला जायचं ठरलं आणि तुतारी एक्सप्रेस मिळाली तर ती दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे तिकिटावरची तारीख नीट बघा. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ पासून सलग १ ते १४ झालेत. जुनी माणसं अजून मध्य रेल्वेचा जुना नंबर सांगतात, त्यावर जाऊ नका, इंडिकेटर बघा.

अजून एक. तू विचारलंस की आपलं किती सोडायचं. मी बोलणं सोडलं नाही. वर्गात पहिल्या दिवशी सगळे वळून बघायचे, आता माझे मित्र माझ्यासारखं बोलून राहिले.


पैनगंगाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं मी आईला फोनवर वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

काल रात्री काकींना सरळ विचारलं. म्हटलं, काकी, मला गावी नेणार म्हणालात ते मनापासून ना? त्या हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतच राहिल्या. "खोटां कित्याक बोलू?" म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं, महालक्ष्म्यांचं, आखाड्यांचं, आई काय म्हणाली ते. गौरी तुमच्याकडेही त्याच दिवशी येते हे मला आत्ता कळलं, असंही सांगितलं. यंदा मला घरी जायचंय, पुढच्या वर्षी तुम्ही विचारलंत तर मी पहिल्याच शब्दाला हो म्हणेन.

काकी म्हणाल्या, "बरां." मग काकांना हाक मारून सांगितलं की तिकिटं दोनच काढा, पोरगी आईकडे जातेय, तिचं नांदेडचं पण बघून द्या. काकांनी लगेच चष्मा लावून देवगिरीची तारीख शोधली. त्या त्या दिवशी सकाळी ८ ला तिघं मिळून मोबाइल घेऊन बसणार आहोत, आधी त्यांचं, मग माझं.

मुगभाटातले काका, तुम्ही म्हणालात काकींनी घरात सगळ्यांना सांगून मगच विचारलं असेल, ते अगदी खरं निघालं. त्यांच्या जाऊबाईंनी माझ्यासाठी वेगळी चूलसुद्धा ठरवून ठेवली होती. ते ऐकून मला रडू आलं. काकींनी ते पाहिलं आणि विषय बदलला. तिखटाचा नैवेद्य त्यांच्याकडे नसतो, गोडाचाच असतो, हेही विचारून घेतलं. भांडुपमध्येच त्यांच्या बहिणीकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तिथे मी दर्शनाला जाणार आहे आणि दुसऱ्या दिवशी निघेन. कॉलेजात अर्ज दिला, शिक्का घेतला.

डबाही आज त्यांच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला. कारळाची चटणी संपली.

शेवटचं विचारते. परत येताना काकींसाठी गावाहून काय आणू? साडी आणली तर त्यांना ओझं वाटेल असं वाटून राहिलंय. आमच्याकडे ज्वारी चांगली होते.


जुनी परभणीकर

शहाणी आहेस. आईला माझाही नमस्कार.

साडी नको. साडी दिली की त्यांना तुला काहीतरी द्यावंसं वाटेल, आणि तुझं तिथलं राहणं पैशांच्या व्यवहारावर आहे, त्यात ते अवघड होऊन बसतं. ज्वारीही फार आणू नकोस. मालवणी घर तांदळावर चालतं, भाकरीसुद्धा तांदळाची. भाकरी थापायची असेल तर तू स्वतः एखाद्या रविवारी करून वाढ, तेवढ्यापुरतं पीठ आण.

तुरीची डाळ आण. घरची, सालं काढलेली, दोन किलो. यवतमाळकडची गावरान डाळ शिजली की जो वास येतो तो इथल्या पाकिटात नाही, आणि काकींचं वरण रोज लागतं. सोबत उन्हाळ्यात केलेल्या कुरडया असतील तर डब्यात नीट बसवून आण, पिशवीत आणल्या तर ठाण्यापर्यंत चुरा होईल. महालक्ष्म्यांचा प्रसाद वेगळा कागदात बांध आणि तो घरात शिरल्या शिरल्या आधी दे, डाळ नंतर.

आणि हो, देवगिरी कल्याणला आणि ठाण्यालाही थांबते. भांडुपला यायचं म्हणजे ठाण्यालाच उतर, दादरपर्यंत जाऊन सामानासकट उलटी फिरू नकोस. सकाळची वेळ असेल, सीएसएमटीकडच्या गाड्या भरलेल्या असतात. स्लो गाडीची वाट बघ, बऱ्याच फास्ट भांडुपला थांबत नाहीत.